गाडी निजवून येते

विजयमाला गेल्याची बातमी आली तेव्हा आकाराम अंगणात बसून मोटरसायकलच्या सायलेन्सरमधला कोळसा खरवडत होता. पौषातलं ऊन पाठीला बरं वाटत होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दूध संस्थेतला जोतिबा लुनावरून आला, लुना स्टँडला लावली आणि आकारामच्या हातांकडे बघत उभा राहिला.

"काय रं जोतिबा, आज संस्थेचं दूध नासलं काय?" आकारामने मान वर न करता विचारलं.

"आण्णा, हात धुवा."

"का? च्या आनलायस?"

"हात धुवा आवं. म्हसवडास्नं फोन आलाय."

म्हसवडला त्याच्या बायकोची, विजयमालेची, बहीण हरणाबाई दिलेली होती. विजयमाला त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने तिच्याकडे गेली होती. सिद्धनाथाला नारळ फोडून सांजच्या गाडीने परत यायचं असं ठरलं होतं. जायच्या आधी तिने अंगण झाडलं, सडा टाकला, कोंबड्या सोडल्या, आकारामची भाकरी दुरडीत झाकून ठेवली. "दूध तेवढं तापवा, न्हाईतर मी येऊस्तवर फाटंल," एवढं बोलून ती पिशवी घेऊन गेली. देवळाच्या पायरीवर बसल्यावर हरणाबाईला म्हणाली, जरा डोळ्यांपुढं अंधारल्यागत होतंय. आणि खांबाला टेकली ती टेकलीच.

हे सगळं जोतिबाने एका दमात सांगितलं नाही. आकाराम हात धूत होता तेव्हा थोडं सांगितलं, त्याने टॉवेल मागितला तेव्हा थोडं. शेवटचं वाक्य त्याला सांगावंच लागलं नाही.

आकारामने टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाडीकडे गेला. दोन्ही सायलेन्सर खाली अंगणात पडलेले. ते बसवत बसायला त्याला सुचलं नाही. किक मारली. गाडी पहिल्या किकला उठली, आणि उठली ती अशी की झाडावरची पाखरं उडाली. त्या दिवशी विट्यापासून म्हसवडपर्यंत वाटेवरच्या गावांतली माणसं शिव्या द्यायला दारात आली आणि त्याचं तोंड बघून तशीच उभी राहिली.

दूध तापवायचं राहिलंच.

आकाराम फौजेतून आलेला. तिथं मोटरसायकलवरून निरोप पोचवायचं त्याचं काम होतं. वाळूत, चिखलात, बर्फात, कुठंही. हुकूम आला की गाडी निघाली पाहिजे, हा तिथला धडा त्याने गावाकडे आल्यावरही सोडला नाही. त्याची गाडी कायम निघायच्या तयारीत असायची. टाकी भरलेली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा, गाडीचं तोंड दाराकडे. जो कॉक बंद करून गाडी लावतो तो आकारामच्या मते गाडीवाला नव्हेच, तो कारकून.

गाडी दोन सायलेन्सरची, अडीचशे सीसीची. किक आणि गिअर एकाच दांडीला. फौजेतून आल्यावर त्याने ती जुनीच घेतली आणि तिला माळावरच्या मातीच्या शर्यतीसाठी घडवली. पुढचा दिवा काढला, मडगार्ड उचलून वर बसवला, मातीत रुतणारे जाड बटनाचे टायर घातले, रुंद हँडल लावलं. पहिली काही वर्षं तो स्वतः पळवायचा. मग गुडघा बोलायला लागला तेव्हा मिलिंदला बसवलं. मिलिंद म्हणजे गावातल्या राजरत्न गुरुजींचा थोरला मुलगा. वय तिशीचं, शिरवळच्या एका कारखान्यात कामाला, सुट्टीला आला की घरी पिशवी टाकून आधी आकारामकडे यायचा; त्याला तो मेजर म्हणायचा. सांगली, विटा, कऱ्हाड, जिथं माती खणून शर्यतीचं रिंगण केलेलं असेल तिथं ही जोडी जायची. मिलिंद पळवणार, आकाराम इंजिन बघणार.

गाडीची ख्याती मात्र शर्यतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची होती. ती रोज सकाळी पहिल्या किकला उठायची. थंडी असो, पाऊस असो. शेजारच्या रंगुबाई तर गाडीचा आवाज ऐकून चुलीवर चहा टाकायच्या. आकाराम हे कुणाला मुद्दाम सांगायचा नाही, पण कुणी म्हटलं की मिशीवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "गाडी म्हंजे शिस्त वो. दुसरं काय न्हाई."

गाडी सोप्यात लावलेली असायची, दाराच्या आतल्या बाजूला. तिच्या बरोबर वर भिंतीत दिवळी होती. विजयमाला तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लावून हळदकुंकू वाहायची आणि मग दुसरा दिवा त्या दिवळीत आणून ठेवायची. सुरुवातीची एक-दोन वर्षं ती पेट्रोलच्या वासावरून रोज भांडली.

"उदबत्ती लावावी तर वास हिचाच. द्येवाला काय वाटत आसंल?"

"द्येवाला सवं हुईल," आकाराम म्हणायचा.

"आन एकादिवशी दिव्यानं पेट घेतला म्हंजे?"

"फौजेतल्या गाड्या युद्धात न्हाई पेटल्या, ही तुज्या दिव्यानं पेटतीया."

मग ती भांडायची थांबली. आकारामला वाटलं, सवय झाली.

पहिले काही दिवस गाडीकडे कुणी बघितलं नाही. ती म्हसवडलाच राहिली होती. मिलिंद सायलेन्सर घेऊन गेला, तिथंच बसवले, बऱ्याच किका मारून गाडी उठवली, चालवत आणली आणि मेजरला आवडतं तशी दाराकडे तोंड करून, कॉक उघडा ठेवून सोप्यात लावली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. मुलगी संयोगिता तेवढी मागे राहिली. तिला खंडाळ्याला दिलेली, जावई शिरवळकडेच नोकरीला. लेकराला सासूपाशी ठेवून ती बापासाठी थांबली होती.

माणसं गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं. आकारामने सकाळी उठून म्हशींचं बघितलं, अंघोळ केली आणि सवयीने गाडीशी आला. किक मारली. गाडी उठली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. शेजारून रंगुबाईंचं डोकं भिंतीवर आलं आणि परत खाली गेलं.

"बरेच दिवस उभी हाय," तो संयोगिताला म्हणाला. "पेट्रोल शिळं झालं आसंल."

प्लग काढून बघितला तर ओला चिंब. पुसला, घासला, इंजिनला टेकवून किक मारली तर ठिणगी पडत होती, पण त्याला ती जरा पिवळी वाटली. निळी पाहिजे. त्याने नवा प्लग घातला, गाडी उन्हात ओढली, प्लग काढून नुसत्याच किका मारून इंजिन कोरडं केलं आणि दुपारपर्यंत एकदाची ती उठली. पांढऱ्या धुराने अंगण भरलं. आकारामने जुना प्लग बाजूला टाकला आणि म्हणाला, "हा बघ. ह्योच चोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा मेलेली.

मग त्याने पॉइंट घासले. दुपारी गाडी उठली. सकाळी मेली. कंडेन्सर बदलला. दुपारी उठली, सकाळी मेली. कॉइल बदलली. बाजूचं झाकण काढून आत दमट धरलंय का बघितलं, चुलीपाशी नेऊन शेकवलं. प्रत्येक वेळी दुपारी त्याला चोर सापडायचा आणि सकाळी चोर सुटलेला असायचा.

"आण्णा," संयोगिता म्हणाली, "तुमची गाडी माज्या सासऱ्यांच्यागत झालीया. दुपारच्या जेवनाबिगर बोलतच न्हाई."

आकाराम हसला नाही, पण तिने हसवायचा प्रयत्न केला हे त्याला बरं वाटलं.

गावाला तोवर कळलं होतं. आकारामची गाडी उठत नाही ही बातमी पारावर विजयमालेच्या बातमीइतकीच बोलली गेली. गाडीने मालकिणीचा शोक धरलाय, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांनाच पटलं. रंगुबाई एके दिवशी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊनच आल्या.

"बाजूला हो रं आकाराम. दिष्ट काडायची हाय."

"काकू, इंजिनाला दिष्ट लागत न्हाई."

"मग उठीव की बिनदिष्टीची. उठीव, मी बघते."

आकाराम बाजूला झाला. रंगुबाईंनी गाडीच्या डोक्यापासून मागच्या चाकापर्यंत मूठ उतरवली, तोंडाने काहीबाही पुटपुटल्या आणि मूठ चुलीत टाकली. मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबरी होती, असं त्यांनी सांगितलं. दुपारी गाडी उठली. रंगुबाईंनी ते गल्लीभर सांगितलं. सकाळी ती पुन्हा मेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता ही नवी लागली. त्याला मी काय करू?"

त्याच संध्याकाळी जेवताना संयोगिताने विषय काढला.

"आण्णा, तुमी माज्यासंगं चला. खंडाळ्याला."

"तितं काय करू?"

"काय करायचं? बसायचं. सकाळचं फिरायला जायाचं. पेपर वाचायचा."

"पेपर मी हितं बी वाचत न्हाई."

"मग हितं काय करताय? म्हशी जोतिबा सांभाळंल. शेत वाट्यानं हायच. हितं कुनासाठी ऱ्हाताय सांगा."

आकारामने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मग सोप्याकडे बघून म्हणाला, "आयतवारी शर्यत हाय. मिल्या येनार हाय."

"कशावर पळंल? ह्या मढ्यावर?"

आईच्या बोलण्याची धार पोरीत उतरली होती. आकारामला ती ऐकून आत कुठंतरी बरं वाटलं आणि तेवढ्यानेच तो बोलून गेला.

"आसं करू. आयतवारी गाडी पळाली तर मी हितं ऱ्हातो, तू पुन्ना इशय काडायचा न्हाई. न्हाई पळाली तर गाडी कृष्णाताला देतो आन येतो तुज्यासंगं. बसतो पेपर वाचत."

"बघा हां."

"फौजेतला मानूस हाय मी."

संयोगिता लगेच कबूल झाली. तिने आठवडाभर गाडी बघितली होती. रविवारी संध्याकाळी जावई दोघांना न्यायला येईल, असा निरोपही तिने संस्थेच्या फोनवरून देऊन टाकला. आकारामने रात्री पडल्या पडल्या खंडाळ्याची ती दुसऱ्या मजल्यावरची खोली डोळ्यांपुढं आणून बघितली. खोली चांगली होती. गॅलरीतून हायवे दिसायचा. तिथं सकाळी उठून पहिली कोणती गोष्ट करायची हे मात्र त्याला ठरवता येईना.

गुरुवारी तो गाडी टेम्पोत घालून विट्याला कृष्णातच्या गॅरेजवर घेऊन गेला. कृष्णात आणि तो एका शाळेतले. एकाने शाळा सोडून फौज धरली, दुसऱ्याने पाना धरला. आकारामची गाडी टेम्पोतून उतरताना बघून कृष्णात टपरीवरून चहाचा ग्लास घेऊनच पुढं आला.

"आरं गड्या, हिला पालखीतनं आनलीस?"

"हास. तुला हसायचा दिस हाय."

दोघांनी मिळून इंजिन खाली घेतलं. रिंगा बघितल्या, चांगल्या होत्या. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून किक मारली तर अंगठा उडत होता, म्हणजे दाब होता. आकारामच्या डोक्यात क्रँकचा सील होता. सील फुटला असला की इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि धूर करतं. उघडून बघितलं तर सील शाबूत. तरी बदलला. दिवस त्यातच गेला. गाडी पुन्हा जोडून होईपर्यंत कृष्णात हात पुसत म्हणाला, "आक्या, माजं ऐकशील? पेट्रोल जास्त जातंय हिला. कार्बोरेटरची सुई बघ. झिजली आसंल."

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की एक बारकी सुई वर येऊन वाट बंद करते. ती झिजली की वाट पुरती बंद होत नाही आणि पेट्रोल थेंब थेंब पुढं जातच राहतं. हे आकारामला माहीत नव्हतं असं नाही.

"सुई न्हाई."

"बघितलीस?"

"बघायचं काय त्यात? सुई झिजली आसती तर रातभर पेट्रोल इंजिनात उतारलं आसतं, आन गाडी सकाळची उठलीच नसती."

"मग सकाळचीच तर उठत न्हाई न्हवं?"

"आता. पर आदी उठायची का न्हाई? रोज? पयल्या किकला? सुई ह्या पंध्रा दिसांत झिजली व्हय? उभ्या गाडीत? तुजं माजं ठरलेलं हाय, सुई झिजायला वर्सं लागत्यात. मग ती वर्सं गाडी कशी काय उठत हुती?"

कृष्णातने विचार केला. डोकं खाजवलं. त्यालाही यात खोट सापडेना.

"व्हय गड्या," तो म्हणाला. "तसं बघितलं तर सुई न्हाई."

गॅरेजवर गाडी दिवसभराच्या किकांनी उठली आणि आकाराम ती चालवत घरी आला. वाटेत ती अशी पळाली की त्याला वाटलं, झालं, सील होता. सोप्यात लावली. शुक्रवारी सकाळी मेलेली. शनिवारी सकाळी मेलेली.

शनिवारी दुपारी मिलिंद आला. हेल्मेट, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, सगळं पिशवीत घेऊन आला होता. गाडी उन्हात उघडी पडलेली बघून तो आकारामच्या शेजारी उकिडवा बसला.

"मेजर, काय म्हनतीय?"

"म्हनती, जेवल्यावर बोलू."

"उद्या शर्यत सकाळची हाय. नऊला लायनीत लावायला लागंल."

"म्हाईत हाय."

मिलिंद पाना हातात फिरवत म्हणाला, "मावशींनी मला गेल्या शर्यतीला धपाटं बांधून दिलं हुतं. डबा अजून शिरवळला हाय. आनायचा म्हनतो आन इसरतो."

"ऱ्हाऊ दे की. घाई काय हाय?"

गाडी त्या दुपारीही उठली. मिलिंदने माळावर नेऊन पळवून आणली, तोंडभर धूळ घेऊन आला आणि म्हणाला, गाडी नंबर एक आहे, फक्त उद्या सकाळी उठली पाहिजे. एवढंच. आणि तो घरी गेला. आकारामने गाडी सोप्यात लावली आणि तिच्याकडे बघत उंबऱ्यावर बसला. बदलण्यासारखं आता तिच्यात काही उरलं नव्हतं.

दिवस मावळला. संयोगिता आत देवापुढं दिवा लावत होती. सुतकापासून दिवळीत दिवा ठेवला गेला नव्हता. आज उद्याच्या जाण्याचं मनात असेल म्हणून की काय, तिने दुसरी पणती लावली आणि ती घेऊन सोप्यात आली. दिवळीपाशी आली आणि थबकली.

"आण्णा, हितं पेट्रोलचा लय वास येतोय. दिवा कसा लावू?"

"लाव की. तुजी आई रोज लावत हुती न्हवं?"

"आवं पर भपका येतोय. पेट घीईल. आई कशी लावत हुती हितं?"

आकारामने पुढं येऊन वास घेतला. पोरीने विचारलेलं खरं होतं. भपका येत होता. एवढ्या भपक्यात दिव्याला भिणारी बाई इतकी वर्षं रोज दिवा कशी लावत होती? आणि भांडायची का थांबली होती?

"पनती हिकडं आन," तो म्हणाला. "लांबनंच धर. तितंच."

तो गाडीपाशी गुडघ्यावर बसला. दुखरा गुडघा दुखला, ते त्याला कळलं नाही. टाकीखाली हात घातला. पेट्रोलचा कॉक, बोटभर लांबीची त्याची दांडी. उभी म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. ती त्याने कधी फिरवली नव्हती, तेव्हा गंजून घट्ट बसली असणार. अंगठ्याने नुसती लोटली तर लोण्यातून फिरावी तशी फिरली. मान वाकडी करून त्याने दांडीची मागची बाजू बघितली. वर्षांच्या तेलकट मळात पिवळं आणि लाल बसलेलं होतं, थरावर थर. हळदकुंकवाचं बोट जिथं टेकावं तिथंच.

"काय झालं, आण्णा?"

"कायबी न्हाई. जरा थांब."

संयोगिता पणती हाताने झाकून उभी होती. मग तीच बोलली, सहज, काहीतरी आठवल्यासारखं.

"लग्नाआदी मी आभ्यासाला बसायची न्हवं, तवा आई दिवा लावायच्या टायमाला म्हनायची, थांब, गाडी निजवून येते. मला वाटायचं, वरनं कापड टाकती."

"आन सकाळी?"

"सकाळी म्हनायची, उठीवते. सडा टाकायच्या आदी." सांगता सांगता तिच्याही लक्षात आलं. "तुमाला म्हाईत न्हवतं?"

"मी त्या वक्ताला म्हशींकडं आसायचो," आकाराम म्हणाला.

त्याने टॉवेल घेतला आणि कार्बोरेटरखालचं पेट्रोल नीट पुसून काढलं. जमीन पुसली. दार सताड उघडं टाकून वास जाऊ दिला. प्लग काढून इंजिन कोरडं केलं. मग पोरीला म्हणाला, "आता लाव दिवा." तिने दिवळीत दिवा ठेवला. गाडीच्या टाकीवर त्याचा उजेड पडला. त्या रात्री आकाराम पडल्याबरोबर झोपला.

रविवारी पहाटे संयोगिता उठली तेव्हा तो आधीच सोप्यात होता. तिने बादलीत शेण कालवलं, अंगणात सडा टाकायला घेतला. आकारामने टाकीखाली हात घालून दांडी उभी केली. वाटी भरायला थोडा वेळ दिला. किक मारली.

गाडी पहिल्या किकला उठली.

पलीकडे रंगुबाईंच्या चुलीवर भांडं वाजलं. संयोगिता सडा टाकता टाकता थांबली, बापाकडे बघितलं आणि पुन्हा टाकायला लागली. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही दिसत नव्हतं.

सांगलीबाहेरच्या शर्यतीच्या माळावर मिलिंदने गाडी लायनीत लावली. पाणी मारलेली माती, चढ-उताराचं रिंगण, कडेला बांधांवर बसलेली माणसं. एका वळणावर तो पडला, उठला, पुन्हा पळवली आणि तिसरा आला. पडला नसता तर दुसरा आला असता, असं तो म्हणाला. पडला नसता तरी तिसराच आला असता, असं कृष्णात म्हणाला. यावरून दोघांचं परतीच्या वाटेवर विट्यापर्यंत चाललं. आकाराम टेम्पोत दोघांच्या मधे बसून शेंगा खात होता.

"आक्या, सांग तरी," शेवटी कृष्णात म्हणाला. "खोट कुटं हुती?"

"सुईत."

"आरं तूच म्हनलास, सुई न्हाई म्हनून. मला गप बसीवलंस. सुई झिजलीया तर मग इतकी वर्सं गाडी सकाळची उठली कशी?"

"रातीला कॉक बंद व्हायचा."

"तू? तू कॉक बंद करतोस?"

"मी न्हाई," आकाराम म्हणाला. शेंगेची टरफलं त्याने खिडकीबाहेर टाकली. "घरात मानूस हुतं."

थोडं पुढं गेल्यावर कृष्णातने स्वतःच्याच मांडीवर हळूच चापट मारली आणि म्हणाला, "पयल्या किकला. आन मिशीवरनं बोट ह्यो फिरवायचा." मग तिघंही हसले, आकारामही. तो बऱ्याच दिवसांनी हसला.

संध्याकाळी जावई आला. संयोगिताने त्याला दारातच सांगितलं, आण्णा येत नाहीत, मी एकटीच येते. निघताना तिने बापाला दूध कसं तापवायचं, भाकरी थापता येत नसेल तर रंगुबाईंकडून कशी घ्यायची, सगळं सांगितलं. उंबऱ्यावर पुन्हा थांबली.

"आन दिवा?"

"लावतो की. हात हायेत मला."

"आदी काय करायचं?"

"गाडी निजवायची," आकाराम म्हणाला. "जा आता. एसटी चुकंल."

पुढच्या आठवड्यात कृष्णातने सांगलीहून नवी सुई आणून दिली. बसवायला अर्धा तास लागतो, पाने घरात आहेत. आकारामने ती कागदाच्या पुडीत होती तशीच दिवळीत ठेवली, दिव्याच्या बाजूला. रोज तिन्हीसांजेला तो म्हशींचं आटपून हात धुतो, देवापुढं दिवा लावतो, हळदकुंकू वाहतो, त्याच बोटाने टाकीखालची दांडी आडवी करतो आणि मग दिवळीत दिवा ठेवतो. सकाळी अंगण झाडायच्या आधी दांडी उभी करतो. गाडी पहिल्या किकला उठते, रंगुबाई चहा टाकतात. मिलिंद सुट्टीला आला की विचारतो, मेजर, सुई बसवू काय? आकाराम म्हणतो, बसवू की.

सुई अजून बसवलेली नाही.